बाईंचं माप आमच्या घरात

माझ्या शिलाई मशीनच्या उजव्या हाताला, रिळांच्या रॅकखाली, एक काळा डबा आहे. चपात्यांच्या डब्याहून जरा मोठा. दिवसभर बारीक घूं घूं करत असतो. नवीन गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे काय, वायफाय का?" झालं, माझ्या हातातली कात्री खाली. मी पहिल्यापासून सांगायला बसते आणि आतल्या खोलीतून नवरा ओरडतो, "अगं, त्या ब्लाऊज शिवायला आल्यात, भाषण ऐकायला नाही!" ओरडू दे. बारावीला गणितात गटांगळ्या खाल्लेली, बदलापूरच्या दोन खोल्यांत ब्लाऊज शिवणारी मी, सत्तेचाळिसाव्या वर्षी घरात स्वतःचा सर्व्हर चालवते. मी सांगणारच.

सर्व्हर म्हणजे फार मोठं काही नाही. आपण फोनवरचे फोटो, कागद कुठल्यातरी कंपनीकडे ठेवतो आणि त्याला क्लाउड म्हणतो. प्रत्यक्षात ते कुठल्यातरी लांबच्या इमारतीतल्या त्यांच्या कॉम्प्युटरवर असतं. माझा डबा तेच काम करतो, फक्त तो माझा आहे आणि माझ्या घरात आहे. त्यातलं सॉफ्टवेअर फुकट आहे. नुसतं फुकट नाही, उघडं आहे. ते कसं लिहिलंय हे कुणालाही वाचता येतं, चूक सापडली तर चारचौघांत दाखवता येते. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः उडाले. मी ज्यांच्याकडे शिवण शिकले ते मास्तर कापड कापायला लागले की पाठ करून उभे राहायचे. फर्मा, म्हणजे कागदावर कापलेला नमुना, कुणाला दिसता कामा नये. आणि इथे जगभरातली माणसं आपले फर्मे टेबलावर पसरून बसली होती, "घ्या, कापा, सुधारा" म्हणत!

पण मला हे सुचलं ते हौसेनं नाही. मला चीड आली होती.

माझ्या गिऱ्हाइकांत अंबरनाथच्या एक शिक्षिका आहेत. सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही म्हणते. माझं दुकान नव्हतं, पाटी नव्हती, तेव्हापासून त्या माझ्याकडे येतात. तीन वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे त्यांचा डावा स्तन काढावा लागला. ऑपरेशन, औषधं सगळं पार पडल्यावर एक दिवस त्या माझ्याकडे आल्या, मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "मला ड्रेस नको, ओढणी नको. मला साडी नेसून वर्गात उभं राहायचंय. हात वर करून फळ्यावर लिहायचंय. जमेल तुला?"

जमेल म्हटलं. आणि जमेना. हात वर केला की डावा मुंढा, म्हणजे बगलेचा घेर, ओढला जायचा, ब्लाऊज वर सरकायचा, आत भरलेला कापूस गळ्याशी यायचा. सहा ब्लाऊज मी उसवले. प्रत्येक ट्रायलला मी फोटो काढायची. समोरून, बाजूने, हात वर करून. गळ्यापासून कमरेपर्यंत. बाई गेल्या की ते फोटो मोठे करून बघायचे, कापड कुठे चुण्या घेतंय ते शोधायचं आणि फर्म्यावर खडूने खुणा करायच्या. सातव्या खेपेला डाव्या बाजूचे टक्स, म्हणजे छातीला गोलाई देणाऱ्या चिमट्या, काढून टाकले, अस्तराला आतून खिसा केला आणि खिशात घालायच्या मऊ गादीत कापसाबरोबर मूठभर मोहरी भरली, वजनाला. बाईंनी तो ब्लाऊज घातला. टेबलावरचा खडू उचलला, हात पूर्ण वर नेला आणि माझ्या कपाटाच्या दारावर लिहिलं: वार, दिनांक, पट, हजर. काहीच सरकलं नाही. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होतो आणि रडतही होतो. हात वर करून लिहितानाचा तो फोटोही मी काढला होता.

आता माझा गाढवपणा ऐका. माझ्या फोनमधला प्रत्येक फोटो आपोआप त्या कंपनीच्या क्लाउडवर जायचा. मीच ते चालू करून ठेवलं होतं. सगळ्या गिऱ्हाइकांच्या मापांची वही मी तिथंच चढवली होती, आणि कागदाची वही मोडीत काढली होती, हरवायची भीती नको म्हणून. बाईंचे फोटोही तिकडे जातायत हे मला माहीत होतं की नव्हतं? खरं सांगायचं तर मी त्याचा विचारच केला नव्हता.

ऐन लग्नसराईत एका सकाळी फोनवर संदेश आला. तुमच्या खात्यात आक्षेपार्ह मजकूर आढळल्याने खातं बंद करण्यात आलं आहे. कुठला मजकूर ते सांगायची गरज कुणाला वाटली नव्हती. पण मला कळलं. दोन दिवसांपूर्वीच बाईंच्या नव्या ब्लाऊजची ट्रायल झाली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आक्षेपार्ह? माझ्या बाई आक्षेपार्ह? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, ते मशीन बघतं, माणूस नाही. मशीनला काय कळतंय?" मी म्हटलं, "ज्याला कळत नाही त्यानं बघू नये." कंपनीला फॉर्म भरून कळवलं की मी दर्जीण आहे, हे शिवणकाम आहे. एक ठरावीक उत्तर आलं, आम्ही विचार करत आहोत. तोवर सगळ्याच गिऱ्हाइकांची मापं अडकलेली. मी सगळ्यांना "माप बदलतं हो वर्षाकाठी" अशी थाप मारून परत टेप लावत होते.

अठराव्या दिवशी खातं उघडलं. पुनर्तपासणीनंतर आपलं खातं सुरू करण्यात येत आहे, एवढंच. नवरा खूश. म्हणाला, "बघ, सुटलीस." मी मात्र तो संदेश परत परत वाचत होते. पुनर्तपासणी म्हणजे काय? म्हणजे या वेळी मशीननं नाही, कुणीतरी माणसानं बसून बघितलं. कोण? कुठे? एकानं की चौघांनी? बाईंनी ज्या दारामागे माझ्यासमोर पदर बाजूला केला होता, ते दार मी सताड उघडं टाकलं होतं.

लपवता आलं असतं. कुणालाच कळलं नसतं. पण ते मला जमणार नव्हतं. मी अंबरनाथला त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग विचारलं, "किती जणांनी पाहिलं?"

"माहीत नाही, बाई."

"आता कुठे आहेत ते?"

"मी काढून टाकलेत. पण त्यांच्याकडे उरलेत का, ते मला सांगता येत नाही. एक प्रत माझ्या फोनमध्ये आहे."

त्या म्हणाल्या, "चहा घेतेस?" मी घेतला. पण त्यानंतर बाई माझ्याकडे आल्या नाहीत. शाळा सुरू झाली, गणपती आले, गेले. आपल्याच हातानं आपण एका बाईचा विश्वास उसवला, हे मला रोज मशीनवर बसलं की टोचायचं.

म्हणून मी ठरवलं. यापुढे माझ्या गिऱ्हाइकाचं माप माझ्या घराबाहेर राहणार नाही. कसं ते माहीत नव्हतं. शोधायला लागले. हिंदीतले व्हिडिओ बघितले, दुपारी काज-बटणाचं काम हातात घेऊन. पहिले आठ दिवस काही म्हणजे काही कळलं नाही. नवव्या दिवशी एक वाक्य कळलं आणि मग मला कोण आवरणार?

डबा उल्हासनगरहून आणला. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरच्या एका दुकानात एक सिंधी काका बसतात. मी यादी पुढे केली. ऑफिसातून निघालेला छोटा कॉम्प्युटर, दोन हार्ड डिस्क, अमुक एवढी मेमरी. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "दीदी, बच्चे के लिए?"

"नहीं काका, मेरे लिए. सर्व्हर बनाना है."

"आप करते क्या हो?"

"ब्लाऊज शिवती हूँ."

काकांनी दुकानातल्या झाडून सगळ्यांना गोळा केलं. "देखो साईं, दीदी ब्लाऊज सीती है और सर्व्हर बनाएगी!" मला वाटलं हसतायत. पण त्यांनी आतून दुसरा डबा आणला, उघडून दाखवला, म्हणाले हा घ्या, याचा पंखा चांगला आहे. आणि निघताना माझा नंबर घेतला, चालू झालं तर मला कळवा म्हणून.

नवरा आनंदनगरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तीस वर्षं मोटारी आणि पॅनेल. त्यानं डब्याला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "याचा फ्यूज कुठे?" मी म्हटलं, "तुमचा उडालाय, याचा ठीक आहे." तरी वायरिंग त्यानंच नीट करून दिलं, ते मान्य करायला हवं.

मग सुरू झाली माझी लढाई. काळ्या पडद्यावर इंग्रजी आज्ञा टाइप करायच्या. एक अक्षर चुकलं की नकार. एक मोकळी जागा जास्त पडली की नकार. पण गंमत सांगते, मला त्याचा राग आला नाही! टाका एक सूत हलला तर बाही बसत नाही, ही शिस्त माझ्या हाडात आहे. मी उसवायची आणि परत घालायची. अडलं की तिथल्या फोरमवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकायची आणि कुठलातरी अनोळखी माणूस सकाळपर्यंत उत्तर देऊन ठेवायचा. मी कोण, कुठली, कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी फोनवर एका निळ्या खणाचा फोटो काढला. डब्याला जोडलेल्या पडद्यावर तो खण अलगद उमटला. मी टेबलावर असा हात आपटला की बॉबिनची डबी पालथी झाली. मग मला शंका आली, हा नक्की घरातल्या घरातच गेला ना? उठले आणि बाहेरून येणारी इंटरनेटची वायर उपटली. दुसरा फोटो काढला. तोही उमटला! जगाशी संबंध तुटलेला, आणि माझा फोटो माझ्या फोनमधून माझ्या डब्यात! मी नवऱ्याला कारखान्यात फोन केला. त्याला वाटलं घरात कुणी पडलंबिडलं. "वायर उपटली तरी चालतंय!" मी ओरडले. तो म्हणाला, "मग लावली कशाला होती?"

पुढचे दोन आठवडे मी कुलपांत घालवले. बाहेरून डब्याशी बोलता यावं म्हणून केबलवाल्याकडून इंटरनेटवरचा पक्का, न बदलणारा पत्ता घेतला, आणि त्या पत्त्यावर ऐरागैरा घुसू नये म्हणून काय काय करायचं ते एकेक शिकले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा कप्पा केला. दर रविवारी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क लोखंडी कपाटात पैठणीच्या घडीत. उल्हासनगरच्या काकांना फोटो पाठवला. त्यांनी उलट मिठाईचं चित्र पाठवलं. बाईंना लिहिलं, "बाई, आता सगळं माझ्या घरात आहे. एकदा येऊन बघा." त्यांनी वाचलं. उत्तर आलं नाही. आणि त्या येईपर्यंत माझ्या या सगळ्या थाटाला काही अर्थ नव्हता.

दसरा आला. नवऱ्याच्या कारखान्यात त्या दिवशी मशीनं बंद ठेवून, धुऊन पुसून, हार घालून पूजा करतात. माझ्याकडेही तेच. शिलाई मशीन, इंटरलॉकचं मशीन, कात्र्या, टेप, इस्त्री सगळं ओळीनं मांडायचं. या वर्षी ओळीत डबा! त्याला मी रीतीप्रमाणे बंद केलं, कारण दसऱ्याला हत्यारानं विश्रांती घ्यायची. कोरड्या फडक्यानं पुसलं. हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि उत्साहाच्या भरात अक्षता वाहिल्या. दोन दाणे नाही, चांगली मूठभर. डब्याच्या माथ्यावर हवेसाठी जाळी आहे, हे माझ्या गावीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. डबा कर्रर्र करून ओरडला, तापला आणि बंद पडला. परत दाबलं, परत तेच. आणि नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात बाई. हातात आपट्याची पानं.

"शिळं सोनं चालेल ना?" त्या म्हणाल्या. "काल धीर झाला नाही माझा."

मी त्यांना आत घेतलं, पाया पडले, आणि दुसऱ्या मिनिटाला रडायलाच लागले. "बाई, तुम्ही आलात आणि हा मेला आजच बंद पडला!" बाईंनी पर्स खाली ठेवली. "रडू नकोस. उघड बघू."

डबा टेबलावर घेतला, स्क्रू काढले, झाकण उचललं. आत पंख्याच्या पात्यांत हळदीनं पिवळे झालेले तांदळाचे दाणे, आणि एक तर अगदी आसात रुतून बसलेला. बाईंनी वाकून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. इतकं, की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. "अगं, तू याला अक्षता वाहिल्यास? लग्न लावलंस का याचं?" मीही हसायला लागले. मग इंटरलॉकमध्ये दोरा ओवायचा चिमटा घेतला आणि बाईंनी मोबाइलचा उजेड धरला. एकेक दाणा वेचून काढला.

वेचता वेचता बाईंनी बोट दाखवलं. "हे चपटं काय?"

"हार्ड डिस्क. सगळं यावर असतं."

"म्हणजे मी यात आहे?"

"हो. यात, आणि एक प्रत त्या कपाटात. बाकी कुठे नाही. फोनमधलेही पुसले मी."

त्यांनी हात पुढे केला आणि दोन बोटं त्या डिस्कवर ठेवली. मी इतके दिवस पाठ केलेलं भाषण माझ्या ओठांवर होतं, पण मी ते गिळलं. त्यांना ते नको होतं. ती वस्तू त्यांच्या हाताखाली होती, तेवढं पुरे होतं.

झाकण लावलं, बटण दाबलं. घूं! मी आनंदानं टाळ्या वाजवल्या. बाईंचा कप्पा उघडून मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "पासवर्ड तुम्ही घाला, मी तोंड फिरवते. पण एक खरं सांगते, डबा माझा आहे, मी ठरवलं तर मला उघडता येतं."

"तू तर बघितलंयस," बाई म्हणाल्या. "तुझं काही नाही."

मी त्यांना कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाखवलं. "हे दाबलं की फोटो गेला. रविवारी कपाटातूनही जाईल. तुम्हाला हवं तर सगळे काढा. माप माझ्या हातात बसलंय आता." हे म्हणायलाच हवं होतं.

बाईंनी एकेक फोटो मोठा केला. पहिल्या सहा ब्लाऊजचे भराभर काढून टाकले. "यात माझे खांदे बघ कसे पडलेत," त्या म्हणाल्या. सातव्यापाशी थांबल्या. खडूनं कपाटावर लिहितानाचा. बोट चिन्हावर होतं.

"हा कुणा एकीला दाखवायचा असेल तर?" त्यांनी विचारलं. "एकीलाच. दुसऱ्या कुणाला दिसायला नको."

"कुणाला, बाई?" मी विचारलं.

"माझ्याबरोबर तपासणीला एक जण असते. उल्हासनगरची. तिचं आत्ताच ऑपरेशन झालंय. सगळ्या साड्या बहिणीला देऊन टाकल्यात तिनं. मी सांगून तिला पटत नाही."

हे तर डब्याला येतं! मी इतक्या घाईनं सांगायला लागले की शब्द एकमेकांवर आपटत होते. लिंक करायची, लिंकला वेगळा पासवर्ड, आठ दिवसांनी ती आपोआप बंद, मधेच वाटलं तरी बंद. बाईंनी स्वतः केलं सगळं. फोटो घातला आणि मला म्हणाल्या, "फर्म्याचाही घाल. तिला कळू दे, हे कापडाचं काम आहे." फर्मा द्यायचा? क्षणभर माझे मास्तर आठवले. मी फर्म्याचाही फोटो घातला.

बाई गेल्यावर मी ब्लाऊजला हूक लावत बसले होते, पण लक्ष पडद्याकडे. लिंक उघडली की डबा नोंद करतो. साडेअकराला पहिल्यांदा उघडली. दहा मिनिटांनी परत. जेवणाच्या वेळेला दोनदा. मग तासभर काही नाही आणि मग लागोपाठ तीनदा. मी हूक उलटे लावले होते, ते उसवले. चारच्या सुमाराला फर्म्याचा फोटोही उघडला गेला.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून एक आवाज म्हणाला, "ताई, मी उल्हासनगरहून बोलतेय. तो फोटो बघितला मी. ते ब्लाऊज... पण माझं ना, राइट साइडचं आहे. मग नाही होणार ना?"

"अहो, फर्मा पालथा घालायचा, झालं," मी म्हटलं. "कधी येताय?"